पूर्वरंग वगळून

जरा पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही सरका. टेकून बसलेल्या माणसाला कीर्तन लागत नाही आणि हकिगतही लागत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. इथे पंख्याखाली जागा आहे, या. एक गोष्ट सांगतो. तीत भारताची राज्यघटना आहे, सेहेचाळीस कागद आहेत आणि मुलुंडभर झालेली माझी शोभा आहे. देवही आहे, पण तो नेहमीसारखा मागे उभा.

साल पंच्याऐंशी. टपाल खात्यातून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती आणि बायको सुनंदा जाऊन तीन. मुलगी अनुपमा बडोद्याला. तिचं महिन्याला एक अंतर्देशीय यायचं, त्यातली निम्मी जागा माझा रक्तदाब खायचा. एरवी माझं बोलणं म्हणजे सकाळी दूधवाल्याला 'अर्धा' म्हणायचं, तेवढंच. एखाद्या दिवशी तो न विचारताच अर्धा लिटर देऊन जायचा, म्हणजे त्या दिवसाचं तेही गेलं. त्यामुळे आठवड्यात माझा वार एकच, गुरुवार. त्या संध्याकाळी आमच्या मुलुंड पूर्वेच्या दत्तमंदिरामागच्या खोलीत काशीरामबुवांचं कीर्तन असायचं.

बुवा कुडाळकडचे. मुंबईत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपात गिरणी गेली, कीर्तन राहिलं. भांडुपहून चालत यायचे. आवाज बसका, धोतर जाड, चिपळ्या घरी तासून केलेल्या. पण एकदा उभे राहिले की समोरचा माणूस स्वतःचं नाव विसरावा. मला स्वतःचं नाव विसरायला आवडतं. ते दारावरच्या पाटीवर एकटंच असतं.

तर श्रोते कमी होत गेले. टीव्ही आला, गुडघे गेले, काहीजण मुलांकडे गेले, काही त्याहून लांब. शेवटच्या श्रोत्या कुंदावहिनी. त्यांना मुलाने बोरिवलीला नेलं आणि एका गुरुवारी सतरंजीवर मी एकटा उरलो. बुवांनी चिपळ्या हातात घेतल्या, माझ्याकडे पाहिलं आणि परत पिशवीत ठेवल्या.

"अण्णानू," ते म्हणाले, "एकट्या माणसाक कीर्तन सांगनत नाय. एकट्याक सांगतत ती गजाल. कीर्तनाक दोन तरी व्हयी. एक मान डोलवणारो आणि एक जांभई देणारो."

गजाल म्हणजे त्यांच्याकडच्या गप्पा. मी म्हटलं, दोन्ही कामं मी करीन. ते हसले नाहीत. महिन्याभरात दुसरा गावला तर बघू, नाहीतर मी थांबतो, एवढं सांगून निघून गेले. मी सतरंजी गुंडाळली. एकट्याने सतरंजी नीट गुंडाळता येत नाही. एक टोक कायम तिरकं जातं.

आता आमच्या सोसायटीत सल्ल्याला तोटा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे श्यामसुंदर आमचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत त्यांच्याकडे तोडगा तयार असायचा. त्यांनी जिन्यातच उभं राहून निकाल दिला. "अरे अण्णा, मोठी माणसं आता कुठे बसतायत यार? पोरं धर. पोरं बसवली की बसतात. शाळेत जा, सातवीचा वर्ग माग, झकास कीर्तन होऊन जाईल." मला ते इतकं पटलं की मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त केल्या. आनंद झाला की माणूस दोघांचा स्वयंपाक करतो.

नाक्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका नलिनीबाई. नागरिकशास्त्र त्याच शिकवायच्या, आणि शिकवलेलं खरं मानायच्या, हा त्यांच्यातला दुर्मिळ गुण. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. मला वाटलं, वेळापत्रक. ती राज्यघटना होती.

त्यांचं म्हणणं असं पडलं. कलम अठ्ठावीस. जी शाळा संपूर्ण सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. म्हणजे रस्त्यापलीकडच्या म्युनिसिपल शाळेत मी उभा मुलुंड घेऊन गेलो तरी उपयोग नव्हता. ही शाळा संस्थेची, सरकारचं फक्त अनुदान. इथे बंदी नाही, पण सक्तीही नाही; मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. अज्ञान हा शब्द ऐकून मी म्हटलं, अहो, त्यासाठीच तर कीर्तन. त्या म्हणाल्या, अण्णा, अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं.

सातवी ब मध्ये सेहेचाळीस मुलं. सेहेचाळीस संमतिपत्रं हवीत आणि वर शिक्षण खात्याचा कागद हवा. मी म्हटलं, कीर्तनाला कुणी नाही म्हणेल का? नलिनीबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "नाही म्हणता यावं म्हणूनच विचारायचं असतं." मला ते वाक्य तेव्हा उगाच कायदेशीर वाटलं.

आधी शिक्षण खातं. तीन हेलपाट्यांनंतर शिवदास नावाच्या अधिकाऱ्यांसमोर उभा राहिलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन उघडून अगदी साधा प्रश्न विचारला, की कीर्तन म्हणजे नेमकं काय असतं.

इथे माझा घात झाला. तीन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि कीर्तनाविषयी तर जन्मात नाही. मी खुर्ची पुढे ओढली. सांगितलं, की कीर्तनाला दोन अंगं असतात. आधी नमन, मग पूर्वरंग: एक अभंग घ्यायचा आणि त्याचा अर्थ उलगडायचा, उपदेश करायचा, माणसाने जगावं कसं, देव कुठे असतो, शंका काढायच्या, फेडायच्या. मग मध्यंतर, बुक्का, हार. मग उत्तररंग, म्हणजे तोच विचार पटवणारी गोष्ट. मी हातवारे केले, दोन ओळी गाऊनही दाखवल्या. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट थांबला. पाऊण तास माझं टपाल खात्यातलं अख्खं आयुष्य पुसलं गेलं होतं आणि मी त्या कचेरीत बुवा झालो होतो. शिवदाससाहेब एकेक शब्द टिपून घेत होते. मला वाटलं, भक्तीने.

आठ दिवसांनी कागद आला. 'सदर कार्यक्रमातील पूर्वरंग हा उपदेशपर भाग वगळून उत्तररंग हा कथाभाग सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून सादर करण्यास हरकत नसावी. विद्यार्थ्यांच्या कपाळास कोणतीही भुकटी लावण्यात येऊ नये.'

पूर्वरंग वगळून. सरकारला कीर्तनातला उपदेश कुठे असतो हे माहीत नव्हतं. ते मी स्वतः बोट ठेवून दाखवून आलो होतो. श्यामसुंदरांनी कागद वाचला आणि म्हणाले, वाट लागली रे तुझ्या बुवाची. बुवांनी मात्र शांतपणे ऐकलं. घराचा दार काढून घेतलानी, खिडकेतसून जाऊया, असं काहीतरी म्हणाले. मला तेव्हा हायसं वाटलं; खिडकीतून जायला तरुण वय लागतं हे लक्षात आलं नाही.

मग सुरू झाली माझी संमतीची फेरी. सायक्लोस्टाइल केलेले कागद: 'मी, खाली सही करणार, माझ्या पाल्यास उपस्थित राहण्यास संमती देत आहे.' घराघरांतून काय काय झालं ते सांगायला एक स्वतंत्र गुरुवार लागेल. एका घरात गॅसचा नंबर लागला समजून पेढा मिळाला. एका घरात नवऱ्याने सही केली म्हणून बायकोने नकार दिला, आणि त्यांचं जे काही आधीपासून चाललं होतं ते माझ्यासमोर पुन्हा पहिल्यापासून झालं. ख्रिस्ती मुलाच्या आईने सही देत मराठीत सांगितलं, की तो घरात पाच मिनिटं बसत नाही, तुमच्याकडे बसला तर मलाही बोलवा. एका आजीबाईंनी मुलाला दम दिला की या घरात पालक मी आहे, आणि अंगठा उठवून शाई माझ्या सदऱ्याला पुसली. दोघातिघांनी विचारलं, वहिनी कशा आहेत. मी दर वेळी नव्याने सांगितलं.

एक कबुली देतो, आता कुणाचं देणंघेणं काही उरलेलं नाही म्हणून. काही घरांत पहिल्याच दिवशी सही मिळत होती. मी म्हणायचो, घाई नाही, विचार करा, उद्या येतो. एका घरात तर तीनदा गेलो. त्या घरात संध्याकाळी भात शिजल्याचा वास यायचा आणि मुलं पाढे म्हणायची. सही मिळाली तेव्हा मला वाईटच वाटलं.

पंचेचाळीस झाल्या. सेहेचाळीसावं घर धोंडिराम यांचं.

स्टेशनजवळच्या चाळीत वरच्या मजल्यावर. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. मुलगी सुलक्षणा वर्गात पहिली. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, यात 'नाही' लिहायला जागा कुठे आहे?

जागा नव्हती. मी ठेवलीच नव्हती. त्यांनी पट्टी मागवली, सरळ रेघ मारली आणि तिच्याखाली मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं: 'संमती नाही.' खाली पूर्ण सही, तारीख.

माझा चेहरा पडला असणार. चाळीस वर्षं माझ्या हातून लोकांची पत्रं गेली, मला असा कागद परत कुणी दिला नव्हता. मी जरा फुरंगटूनच म्हणालो, अहो, एका तासाचं कीर्तन, त्यात राग कसला.

"राग नाही, अण्णा," धोंडिराम म्हणाले. "आमच्या गावच्या शाळेत रोज प्रार्थना व्हायची. मला व्हरांड्यात बसवायचे. आत घेतलं नाही तेव्हाही मला विचारलं नाही, आणि पुढे नवे गुरुजी आले, त्यांनी धरून आत नेलं, तेव्हाही विचारलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी कागद घेऊन विचारायला आलंय. म्हणून नाही म्हणतोय. चहा घ्या."

चहा आला. मी प्यालो. मग त्यांनीच विचारलं, की हे सगळं तुम्ही कशासाठी करताय. पंचेचाळीस घरांत, दोन कचेऱ्यांत आणि एका सोसायटीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगून टाकलं: दुसरा माणूस नाही, दुसरा मिळाला नाही तर बुवा थांबणार, आणि गुरुवार गेला तर मला आठवडा उरणार नाही. शिक्षण खात्याचा कागदही दाखवला. तो वाचून ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, म्हणजे विचार कापला आणि गोष्ट ठेवली. आपल्याला ऐकायचं असतं तर आपण उलटं मागितलं असतं.

शाळेतलं कीर्तन शनिवारी शेवटच्या दोन तासांना झालं. झालं म्हणायचं. सुलक्षणा नलिनीबाईंच्या परवानगीने वाचनालयात पुस्तक घेऊन बसली, ऐटीत. बाकीची पंचेचाळीस सतरंजीवर. दाराशी नलिनीबाई, हातात खात्याचा कागद. बुवा उभे राहिले. चिपळ्या वाजवल्या. थांबले. पुन्हा वाजवल्या. मला कळेना काय झालं. मग कळलं: तीस वर्षं हा माणूस नमन करून आत शिरला होता, आणि आज त्याला गोष्टीच्या मधोमध उभं केलं होतं. मुलं आधी हसली, मग गप्प झाली, मग एकाने दुसऱ्याला चिमटा काढला. बुवांनी कपाळ पुसलं आणि कुठूनतरी एका राजाची गोष्ट धरली. दहा मिनिटांत सूर लागला. खरं सांगतो, मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. राजा जंगलात एकटा पडलेला, समोरून कुणीतरी येतंय, बुवांचा हात वर, आणि घंटा झाली.

शनिवारची शेवटची घंटा. तिच्यापुढे कुठलाच राजा टिकत नाही. दोन मिनिटांत सतरंजी रिकामी. जंगलातून कोण येत होतं ते कुणी विचारलं नाही. बुवांचा हात मात्र तसाच वर.

नलिनीबाई माफी मागायला लागल्या. बुवांनी त्यांना थांबवलं. पिशवी आवरत मला म्हणाले, "संमती बापसांनी दिली, अण्णा. पोरांनी खंय दिली?"

येता गुरुवार शेवटचा, हे त्यांनी फाटकाशी सांगितलं. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

त्या गुरुवारी मी देवळात गेलो तो पाय ओढत. श्यामसुंदर येतो म्हणाले होते, पण टीव्हीवर क्रिकेट होतं. बुवा चिपळ्या न काढता पायरीवर बसलेले. आणि देवळाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, इस्त्रीचा शर्ट घालून धोंडिराम उभे.

मी धावतच गेलो. आत या म्हटलं. ते म्हणाले, "देवळात मी येत नाही. आणि बाहेर बसायलाही आलेलो नाही, ते लहानपणी झालं. तुमच्या घरी करत असाल तर ऐकेन. मुलीसाठी नाही म्हटलं होतं. माझं मला ठरवता येतं."

बुवांनी हे सगळं ऐकलं. मग उठून चपला शोधल्या. "दोन झाली," म्हणाले. "चला."

माझ्या घरात तीन वर्षांनी दिवाणखान्यातले दोन्ही दिवे लागले. पूर्वरंग सुरू झाला, खात्याची कात्री न लागलेला, अख्खा. धोंडिराम हाताची घडी घालून बसले, मान डोलावली नाही, जांभईही दिली नाही. मध्येच शाळेतल्यासारखा हात वर करून शंका विचारायचे. बुवा खूश. गिरणीच्या गेटवर अशी चर्चा व्हायची म्हणाले. उत्तररंगाची गोष्ट सुरू झाली की धोंडिराम उठून चपला घालायचे. गोष्टी मला नकोत, म्हणायचे. बुक्का त्यांनी एकदाही लावून घेतला नाही आणि बुवांनी एकदाही पुढे केला नाही. असे गुरुवार होत राहिले. वरून श्यामसुंदर जमिनीवर काठी आपटायचे. मी ती ठेक्यात धरायचो.

एका गुरुवारी निरूपण चाललं होतं की देव सगळ्यांच्या ठायी सारखा. धोंडिरामांनी हात वर केला. "तर मग शाळेत प्रार्थनेला मला व्हरांड्यात कुणी बसवलं, बुवा? गुरुजींच्या ठायी जो होता त्याने, की माझ्या ठायी जो होता त्याने?"

आता कीर्तन ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की अडचणीच्या जागी बुवा लोक तान घेतात. एक लांब तान घेतली की प्रश्न त्या तानेखाली दिसेनासा होतो. काशीरामबुवांनी तान घेतली नाही. चिपळ्या छातीशी धरल्या. मग म्हणाले, "ह्याचा उत्तर माका येणा नाय. बघतंय." त्या दिवशी गोष्ट झाली नाही. धोंडिराम चपला घालायला उठलेच नाहीत.

पुढच्या गुरुवारी नमनाच्याही आधी बुवा उभे राहून म्हणाले, "अजून गावला नाय." मग कीर्तन सुरू केलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. धोंडिरामांनी पुन्हा कधी विचारलं नाही, बुवांनी सांगायचं कधी चुकवलं नाही. चौदा महिने. कुठली कुठली पुस्तकं मागून आणली, भांडुपच्या वाचनालयात बसले, एकदा जोगेश्वरीला कुणा शास्त्र्यांकडेही जाऊन आले. आले ते चिडून. तेनी माका तान दिल्यानी, म्हणाले.

सत्याऐंशीच्या पावसाळ्यात बुवा गेले. भांडुपहून मला कुणी कळवलं नाही. दोन दिवसांनी कळलं. धोंडिरामांना तर कुणीच नाही. गुरुवारी ते वेळेवर आले, आपल्या जागेवर बसले, हाताची घडी घातली. मी सांगितलं. त्यांनी हाताची घडी सोडली. मग विचारलं, गेल्या गुरुवारी तब्येत बरी नव्हती त्यांची, तरीही म्हणाले होते ना? मी म्हटलं, हो, म्हणाले होते. गावलं नाही म्हणून.

पुढच्या वर्षी धोंडिराम बिऱ्हाड घेऊन मानखुर्दला गेले. मी आहे इथेच. गुरुवार येतात.

तर एवढं करा. कधी कुठे कीर्तनाला बसलात, आणि समोरच्या बुवांना सगळं येत असलं, सगळ्याचं उत्तर सुरात तयार असलं, तर क्षणभर आमच्या काशीरामबुवांची आठवण काढा. भांडुपचे. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही, आणि दर गुरुवारी देवाला नमन करण्याआधी ते त्यांनी उभं राहून सांगितलं.